कोसी बॅरेज

कोसी बॅरेज : भारत–नेपाळ सीमेवर कोसी नदीवर बांधलेले 56 दरवाजांचे बॅरेज. एका बाजूला बिहारमधील भीमनगर (जि. सुपौल), तर दुसऱ्या बाजूला नेपाळमधील हनुमाननगर. पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांसाठी दोन्ही देशांत 25 एप्रिल 1954 रोजी झालेल्या करारातून ते उभे राहिले. पायाभरणी 1959 मध्ये झाली. संकल्पित महत्तम विसर्ग 9.5 लाख क्यूसेक. नेपाळचा पूर्व–पश्चिम महामार्ग याच बॅरेजवरून नदी ओलांडतो.

व्यवस्था : 1966 च्या सुधारित करारानुसार प्रकल्पाची नेपाळमधील जमीन 199 वर्षांच्या भाडेपट्ट्याने भारताकडे आहे. बॅरेजच्या वरचे तटबंध नेपाळच्या भूमीत, देखभाल मात्र बिहारच्या जलसंसाधन विभागाकडे. पावसाळ्यानंतर कोसी उच्चस्तरीय समिती पाहणी करून धूपरोधक कामे सुचवते. ती पुढच्या पुराआधी उरकायची, तर दगड, जाळ्या, यंत्रे आणि मजूर वेळेत सीमेपलीकडे पोहोचावे लागतात. प्रकल्पाची खरी कसोटी इथे लागते.

2008 चे भगदाड : कोसी हिमालयातून प्रचंड गाळ आणते. दोन तटबंधांमध्ये कोंडल्यामुळे तो पात्रातच साचत गेला व पात्र लगतच्या शेतांपेक्षा उंचावले. ऑगस्ट 2008 च्या आरंभी नदीचा मुख्य प्रवाह पूर्व तटबंधाला भिडला. तटबंधापासून पात्रात आडवे काढलेले दगडी बांध (स्पर) प्रवाहाला दूर लोटण्यासाठी असतात. बॅरेजच्या वर सुमारे 12 ते 13 किमी अंतरावरच्या अशा स्परांची टोके आधी खचली, मग प्रवाह थेट मातीच्या भरावाला लागला. 18 ऑगस्टला कुशहा (जि. सुनसरी, नेपाळ) येथे तटबंध फुटला. त्या वेळी विसर्ग सुमारे दीड लाख क्यूसेक, म्हणजे संकल्पित क्षमतेच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा होता. बॅरेज शाबूत राहिले. नदीच त्याला बगल देऊन पूर्वेकडील जुन्या धारांत शिरली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया जिल्ह्यांत तीस लाखांहून अधिक आणि नेपाळमध्ये सुमारे पन्नास हजार लोकांना फटका बसला. भगदाड जानेवारी 2009 मध्ये बुजले.

फुटण्याआधी खचलेल्या स्परांच्या दुरुस्तीला उशीर का झाला, याबाबत मतभेद आहेत. बिहारकडून स्थानिक अडथळ्यांकडे, तर नेपाळकडून देखभालीतील हयगयीकडे बोट दाखवले गेले. बिहार सरकारने न्या. राजेश बालिया आयोग नेमला होता.

वीज व दळणवळण : सुनसरीत महामार्ग तुटल्याने पूर्व नेपाळचा उर्वरित देशाशी रस्त्याने असलेला मुख्य संबंध खंडित झाला. भारतातून वीज नेणाऱ्या 132 केव्ही कटैया–कुशहा वाहिनीचे मनोरे कोसळले, आणि त्या हिवाळ्यातील नेपाळच्या भारनियमनात आयात विजेच्या या तुटीने भर घातली. एकाच भरावाच्या आधारावर रस्ता, वीज आणि कालवा, तिन्ही उभे होते. पुढे 2016 पासून ढल्केबर–मुजफ्फरपूर वाहिनीचा दुसरा मार्ग मिळाला.

कालवे : पूर्व कोसी मुख्य कालवा, त्यावर कटैया जलविद्युत केंद्र, पश्चिम कालवा.

इतर पूर : 1968 च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे 7.88 लाख क्यूसेकचा पूर आला होता. 28–29 सप्टेंबर 2024 ला सुमारे 6.61 लाख क्यूसेक विसर्गात सर्व दरवाजे उघडावे लागले, पाणी पुलाच्या पृष्ठभागावर आले आणि वाहतूक थांबली. खाली दरभंगा जिल्ह्यात तटबंध फुटला.

पूर्वसूचना : 2 ऑगस्ट 2014 रोजी नेपाळमध्ये जुरे येथे दरड कोसळून कोसीची उपनदी सुनकोसी अडली, तेव्हा माहिती सीमेपार लगेच पोहोचली आणि बिहारमधील तटबंधांच्या आतील गावे हलवण्यात आली. बिहारमध्ये पुराचा अनर्थ टळला. चीनकडे जाणारा अरनिको महामार्ग मात्र बुडाला.

कोसीवर नेपाळमधील बराहक्षेत्र येथील उंच धरणाचा प्रस्ताव अनेक दशके चर्चेत आहे. 2008 चा तटबंध पुराच्या आकाराने फुटला नाही, वेळेत न झालेल्या दुरुस्तीने फुटला. म्हणून नव्या धरणाआधी, नेपाळच्या हद्दीतील तटबंधांवर दुरुस्ती पथकाला विनाअडथळा, बारमाही प्रवेश देणारी संयुक्त व्यवस्था अधिक निकडीची आहे.