थोड्या दिवसांची चाकरी, जन्माची जखम

आपल्या समाजाला पलटणीचे पेन्शन नवीन नाही. मुंबई इलाख्याच्या फौजेत चाकरी करून सुभेदार, जमादार होऊन गावी परतलेले पेन्शनर आपल्या पुष्कळ घराण्यांत होऊन गेले. पण ते पेन्शन पुष्कळ वर्षांच्या नोकरीचे. ज्याने वर्ष-दोन वर्षेच बंदूक धरली आणि तेवढ्यातच जो जायबंदी झाला, त्याचे काय? या प्रश्नाचा मागोवा घेता घेता आम्ही आमच्या व्हिटबी गावाच्याच इतिहासापाशी येऊन पोहोचलो.

व्हिटबी हे ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी, टोरोंटोच्या पूर्वेस आहे. येथे मनोरुग्णांसाठी इस्पितळ बांधले जात असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यामुळे 1917 ते 1919 या काळात तेथे युद्धावरून परतलेले सैनिक उपचारासाठी राहिले. हे बहुतेक पेशाचे शिपाई नव्हते. कोणी शेतकरी, कोणी कारकून, कोणी सुतार. त्यांची भरती युद्ध चालेपर्यंत व त्यानंतर सहा महिने, एवढ्याच मुदतीची होती.

अशांसाठी कॅनडा सरकारने 1916 साली पेन्शन मंडळ नेमले व 1919 साली पेन्शनचा कायदा केला. अपंगत्व टक्क्यांत मोजले जाई. माणूस पूर्वी कोणता धंदा करीत होता हे न पाहता, साध्या मजुरीच्या कामात तो किती उणा पडला एवढेच पाहिले जाई. बोटे गेलेल्या कारागिराला हे अन्यायाचेच वाटले असेल. मात्र एक गोष्ट शहाणपणाची होती. ज्यांचे दुखणे अजून स्थिरावले नव्हते, त्यांना तात्पुरते पेन्शन देऊन पुन्हा तपासणीस बोलावीत.

आम्ही इतकी वर्षे परिचारिकेचे काम केले, म्हणून याचे मोल जाणतो. घरी जाण्याच्या दिवशी हसत निघालेला रोगी वर्षाने धापा टाकीत परत येतो, आणि ज्याची आशा सोडली होती तो काठी टाकून चालू लागतो. पहिल्याच दिवशी कायमचा निकाल देणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नसते.

परंतु 1920 मध्ये थोड्या टक्क्यांच्या पेन्शनरांना एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडण्याची मुभा मिळाली. गरजेपोटी पुष्कळांनी ती घेतली. पैसे संपले, दुखणे उरले. शेवटी 1930 साली कायदा बदलून, ज्यांचे अपंगत्व टिकून होते त्यांना पेन्शन परत मिळण्याची वाट मोकळी करावी लागली.

अमेरिकेने 1949 साली तात्पुरत्या निवृत्तीची स्वतंत्र यादीच केली. थोड्या वर्षांच्या नोकरीतही अपंगत्व किमान 30 टक्के ठरले आणि ते पुढे बदलण्याचा संभव असला, तर सैनिकाचे नाव तीत जाते. दर अठरा महिन्यांच्या आत तपासणी होते. अंतिम निर्णयाची मुदत पूर्वी पाच वर्षे होती, 2017 पासून ती तीन वर्षांची आहे.

कॅनडाने मात्र 2006 साली नव्या अर्जदारांसाठी मासिक पेन्शनऐवजी पुन्हा एकरकमी भरपाई आणली. माजी सैनिकांनी फार तक्रारी केल्यावर 2019 पासून मासिक रक्कम निवडण्याची सोय झाली.

आपली मुले-नातवंडे इस्राएलात सक्तीच्या सैनिकी सेवेत जातात, इतर देशांतही काही जण फौजेत भरती होतात. त्यांच्या आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे: तपासणीचा प्रत्येक कागद जपून ठेवा, आणि दुखणे स्थिरावण्यापूर्वी कायमच्या कागदावर सही करू देऊ नका.