जत्रेची पट्टी

आमच्या जुन्नरकडच्या गावात जत्रेचा तमाशा ठरायचा नारायणगावात, पण त्याचे बरेचसे पैसे उभे राहायचे पुण्याच्या मंडईत. गावची दहा-बारा माणसं तिथं हमालीला होती, काही भाजीच्या गाळ्यावर. फाल्गुन लागला की पंच माझ्या वडलांबरोबर रात्रीच्या मालट्रकनं तिकडं जायचे. ती दगडी मंडई 1886 सालची. तिच्यावरच्या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. आज नाव त्यांचंच आहे! पहाटे माल उतरला की पंच गाळ्यागाळ्यानं फिरत. "नाना, यंदा मोठा फड आणायचाय," एवढं म्हटलं की हमालसुद्धा कनवटीचे पैसे काढायचा.

पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागत. गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवत, इसार मोजत. फडमालकाचा हिशेब अवघड. हंगामाच्या तोंडाला तो कलावंतांना उचल देतो, तीही बहुतेक व्याजानं काढून. दसऱ्यानंतर तंबू लावून तिकिटावर खेळ करायचे, त्यात मिळालं तर मिळालं. खरी भरपाई चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर. गावांची पट्टी थांबली की फड बुडाला. 2020 साली पाडवा 25 मार्चला आला आणि टाळेबंदीही त्याच दिवशी लागली. सुपाऱ्या कोण देणार?

आमच्याकडं रात्री तमाशा, सकाळी हजेऱ्या, दुपारी कुस्त्या. ढोलकीवाल्याला फेटा कुणी बांधायचा यावरनं भांडणं व्हायची. जेवायला मात्र कलावंतांना ओढ्याकडंला शिधा द्यायचा, ताट नाही. कलेला टाळी आणि माणसाला ओढा, हे मला तेव्हाही खटकायचं. विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींनी गौरव केला, तरी 2002 साली त्या गेल्या त्या हलाखीतच.

बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ 1972 ची. हमाल पंचायतीमुळं आमच्या हमालांच्या कानावर ती होतीच. त्यानंतरच्या एका जत्रेला त्यांनी पंचांना निरोप धाडला: आमची पट्टी पाहिजे असंल तर फडाची माणसं देवळापुढच्या पंगतीत बसली पाहिजेत. बैठक रात्रभर चालली. एकजण म्हणाला, मग तमाशाच नको. त्यावर तरणी पोरं उठली. शेवटी पंगत झाली. दोन-तीन घरं जेवायला आली नाहीत. रात्री तमाशाला मात्र पुढं बसली होती.