एका आलेखाची गोष्ट: तारे कधी जन्मले आणि धूळ कुठे आडवी आली

रिसर्चच्या मुलाखतीसाठी आपण आकडे पाठ करतो. विश्वातली तारानिर्मिती महास्फोटानंतर सुमारे ३५० कोटी वर्षांनी शिगेला पोहोचली, हा त्यातलाच एक. पण हा आकडा आला कुठून, हे कधी पाहिलंय का?

डिसेंबर १९९५. हबल दुर्बीण सप्तर्षीतल्या जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या एका तुकड्याकडे दहा दिवस रोखलेली होती. संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ त्यासाठी दिला होता. काहीच दिसलं नाही तर? अशी धास्ती अनेकांना होती. प्रत्यक्षात त्या इवल्याशा तुकड्यात सुमारे ३००० दीर्घिका सापडल्या.

१९९६ मध्ये पिएरो मदाउ आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या दूरच्या दीर्घिकांचा अतिनील प्रकाश मोजला. अतिनीलच का? कारण तो मुख्यतः जड, तापट ताऱ्यांकडून येतो आणि हे तारे काही कोटी वर्षांच्या आतच संपतात. म्हणजे असा प्रकाश दिसला, की तिथे तारे नुकतेच जन्मलेत असं समजा. गंमत म्हणजे हेच तारे सुपरनोव्हा होऊन ऑक्सिजनसारखी मूलद्रव्यं उधळतात. हेलियमपेक्षा जड ते सगळं आपल्याकडे 'धातू'! त्यामुळे एकाच मोजमापातून तारानिर्मिती आणि धातूनिर्मिती, दोन्हींचा अंदाज येतो.

सायमन लिली यांच्या गटाने जवळच्या काळाची मोजमापं केलीच होती. दोन्ही जोडल्यावर आलेख आधी चढला, मग उतरला. विश्वाच्या इतिहासाला शिखर मिळालं.

पण खरी मेख पुढेच आहे. धूळ अतिनील प्रकाश गिळते आणि अवरक्त प्रकाशात परत सोडते. ही धूळ बनते कशाची? त्याच धातूंची! म्हणजे तारे जन्मले, त्यांनी धातू दिले आणि त्या धातूंनीच पुढच्या ताऱ्यांवर पडदा टाकला. १९९८ मध्ये हवाईतल्या मॅक्सवेल दुर्बिणीवरच्या 'स्कूबा' कॅमेऱ्याने हाच तुकडा ८५० मायक्रॉनवर पाहिला. हबलला न जाणवलेली बरीच तारानिर्मिती तिथे धुळीआड चालू होती. आलेखाची उतरण तितकी तीव्र राहिली नाही.

मग मदाउ चुकले का? नाही. आपले दूरचे आकडे 'किमान इतके' आहेत, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. चुकले ते फक्त आलेख पाहणारे. त्यात मीही आले. पहिल्या वर्षी मी जुन्या आलेखावरचे बिंदू जसेच्या तसे उचलून सेमिनार दिला. सरांनी एवढंच विचारलं, "धुळीचं काय केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून पुढचा पेपर उघडाल तेव्हा आलेखाखालचा मजकूर आधी वाचा. आणि स्वतःला विचारा: यांनी नक्की काय मोजलंय, आणि काय गृहीत धरलंय?