गादी धरून ठेवणारे बटण

शिडाच्या छोट्या बोटीत मागच्या बाजूला एक खोलगट चौक असतो. त्याला कॉकपिट म्हणतात. सुकाणू धरणारा तिथेच बसतो, शिडाचे दोर तिथूनच ओढले आणि सोडले जातात आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर गाद्या अंथरलेल्या असतात. शिडात वारा भरला की बोट एका कुशीवर कलते. बाकाचा उतार होतो आणि त्या उतारावर माणूस, डबा, नकाशा सगळेच घसरू लागते. अशा वेळी गादी जागेवर राहते ती बाकाच्या कडेला बसवलेल्या, जेमतेम १५ मिलिमीटर व्यासाच्या टिचबटणांमुळे. झबल्याला किंवा पर्सच्या झाकणाला असते तेच हे बटण. मात्र समुद्रावर येईपर्यंत त्याने बराच मोठा प्रवास केला आहे. त्या प्रवासात दोन वाटा एकत्र येतात. एक वाट पकडीची आहे, म्हणजे घट्ट धरावे कसे आणि हवे तेव्हा सोडावे कसे याची. दुसरी धातूची, म्हणजे खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी नांदवावे कसे याची.

आपण आधी पकडीची वाट धरू. बटण मुळात दागिना होते. सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडोत सापडलेली शिंपल्याची बटणे शोभेसाठी शिवलेली असावीत, असे मानले जाते. कपडे धरून ठेवण्याचे काम पुढे कित्येक शतके बंदांनी, नाड्यांनी आणि टाचण्यांनी केले. आपल्याकडची बाराबंदी तर नावातच आपले बंद मोजून दाखवते. दर्यावर्दी लोकांची युक्ती वेगळी होती. दोराच्या एका टोकाला फास आणि दुसऱ्या टोकाला आडवी लाकडी खुंटी. खुंटी फासातून ओवली की जोड पक्का होतो आणि आडवी केलेली खुंटी सरळ केली की क्षणात सुटतो. थंडीने बधिर झालेल्या किंवा हातमोज्यातल्या बोटांनाही हे जमते. म्हणूनच ब्रिटिश नौदलाच्या जाड लोकरी डफल कोटाला विसाव्या शतकातही हीच खुंटी आणि हाच फास राहिला. समुद्रावरच्या प्रत्येक पकडीची खरी परीक्षा ती सुटते कशी यात असते. ही परीक्षा आपल्याला पुढेही वारंवार भेटेल.

धातूची वाट १७६१ साली सुरू झाली असे धरायला हरकत नाही. उष्ण समुद्रांतले लाकूड पोखरणारे किडे आणि तळाला चिकटणारे शेवाळ यांनी ब्रिटिश नौदल त्रस्त झाले होते. त्या वर्षी एचएमएस अलार्म या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून तिला वेस्ट इंडिजला पाठवण्यात आले. १७६३ मध्ये तळ तपासला तेव्हा पत्रे उत्तम स्थितीत होते, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे कित्येक ठिकाणी गळून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत निघाले. ते का वाचले हे पाहिल्यावर कळले की पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही जागी तसाच राहून गेला होता. कागदाने तांबे आणि लोखंड यांना एकमेकांपासून अलग ठेवले आणि तेवढे खिळे वाचले. विजेच्या घटाचा शोध अजून सुमारे चार दशके दूर होता. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतला एक झिजून दुसऱ्याला वाचवतो, हे कोणी सिद्धांत म्हणून मांडलेले नव्हते. गोदीतल्या कारागिरांनी ते आधी डोळ्यांनी पाहिले. विज्ञानाच्या इतिहासातल्या मोठमोठ्या प्रयोगांइतकाच हा कागदाचा कपटा मला मोलाचा वाटतो.

पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने त्याच नियमाचा उलटा उपयोग केला. तांब्याच्या तळाला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडायचे, म्हणजे ते झिजतील आणि तांबे वाचेल. हिंदुस्थानात बांधलेल्या एचएमएस समरंग या जहाजावर हा उपाय करून पाहिला गेला. तांबे खरोखरच वाचले. पण वाचलेले तांबे पाण्यात विरघळेनासे झाले. विषारी क्षार सुटेनात, त्यामुळे शेवाळ आणि शिंपल्यांना मोकळे रान मिळाले. नौदलाने उपाय मागे घेतला, तरी कल्पना टिकली, आणि आज अनेक बोटींच्या तळाला जस्ताचा असा बळीचा तुकडा असतो. लाकडाचाही या गोष्टीत वाटा आहे. युरोपातल्या ओकमधले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते, तर सागाच्या अंगचे तेल त्यांना सांभाळते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी सागवानात बांधलेली एचएमएस त्रिंकोमाली १८१७ मध्ये पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. ज्यात खिळा ठोकायचा ते लाकूड खिळ्याशी कसे वागते, हा प्रश्न जहाज बांधणाऱ्यांना धातूच्या निवडीइतकाच महत्त्वाचा होता.

आता पुन्हा पकडीकडे येऊ, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मोठी उलथापालथ झाली. जर्मनीतल्या फोर्त्सहाइम या दागिन्यांच्या गावी हेरिबर्ट बाउअर याने १८८५ मध्ये दाबून बंद होणाऱ्या बटणाचे पेटंट घेतले. ते पुरुषांच्या विजारीसाठी होते. दुसऱ्याच वर्षी फ्रान्समधल्या ग्रेनोबल गावच्या आल्बेर-पिएर रेमों याने हातमोज्यांसाठी तसेच बटण काढले. ग्रेनोबल म्हणजे हातमोज्यांचे माहेरघर. मनगटाशी घट्ट बसणारा चामड्याचा मोजा एका हाताने बंद करणे हे किती कटकटीचे काम, हे तिथे सर्वांना ठाऊक होते. टिचबटणाने ते काम एका दाबावर आणले. या पहिल्या बटणांची पकड मात्र भरवशाची नव्हती. ती उणीव १९०३ मध्ये जर्मनीतल्याच श्टोलबर्गच्या हान्स प्रिम याने दूर केली. त्याचे घराणे १५३० पासून पितळेच्या धंद्यात होते. त्याने बटणाच्या खोबणीत तारेची इवलीशी स्प्रिंग बसवली. बटणाच्या दुसऱ्या भागातल्या खुंटाचे गोल डोके आत शिरताना स्प्रिंग बाजूला सरते, डोके आत गेले की मानेभोवती आवळते आणि ‘टिच’ असा आवाज येतो. आज गादीच्या बटणातही हीच रचना आहे.

प्रागमधली हकिकत इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जिंद्रिख वाल्डेस याने १९०२ मध्ये भागीदारीत कारखाना काढला आणि हाताने बसवाव्या लागणाऱ्या त्या बारीक स्प्रिंगा यंत्राने बसवायला सुरुवात केली. बटणाचे नाव ठेवले कोह-इ-नूर. आपल्या गोवळकोंड्याच्या खाणींतल्या हिऱ्याचे नाव असे युरोपभरच्या शिवणाच्या डब्यांत जाऊन बसले. त्या बटणांच्या वेष्टनावर डोळ्याला टिचबटण लावलेल्या हसऱ्या मुलीचे चित्र असे. बटणे, टाचण्या, बकले अशा वस्तूंचे संग्रहालयही वाल्डेसने प्रागमध्ये उभे केले. नाझींनी त्या ज्यू उद्योजकाला अटक करून बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले. मोठी खंडणी भरल्यावर त्याची सुटका झाली, पण अमेरिकेला जाण्याच्या वाटेवर १९४१ मध्ये हवानात त्याचा मृत्यू झाला. रोज हातात येणाऱ्या या वस्तूमागे अशी आयुष्ये आहेत.

कपड्यांवरून बटण कॅनव्हासवर आले ते गाड्यांच्या वाटेने. घोडागाड्यांचे आणि पुढे उघड्या मोटारींचे टप व पडदे ताणून बसवायला साधे टिचबटण अपुरे पडे. मग लंबगोल छिद्रातून बाहेर येऊन आडवी होणारी फिरकी आली. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या ‘कार’ नावाच्या कंपनीचे ‘लिफ्ट-द-डॉट’ आले. त्याची गंमत अशी की ते तीन बाजूंनी कितीही ओढले तरी सुटत नाही. ज्या बाजूला बारीक ठिपका असतो, तिथून उचलले की मात्र लगेच सुटते. अमेरिकी सैन्याच्या पट्ट्यांवर आणि पिशव्यांवर ते दोन्ही महायुद्धांत होते. ताण कोणत्या दिशेने येणार हे आधी ठरवून पकड घडवण्याचा विचार मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणा टप्पा वाटतो. उलट बाजूचे उदाहरण डेन्व्हरचे. तिथे जॅक वाइल याने १९४६ मध्ये गुराख्यांच्या शर्टांना टिचबटणे लावली. शर्ट खोगिराला किंवा झुडपाला अडकला, तर तो फाटण्याआधी बटणे आपसूक सुटतात, हा त्यांचा मोठा गुण मानला गेला.

बोटीवरच्या गादीला हे दोन्ही गुण हवे असतात. एके काळी या गाद्यांत पांढऱ्या सावरीचा कापूस, म्हणजे कापोक, भरत. तो पाण्यात सहज बुडत नाही. ब्रिटनच्या जीवरक्षक बोटींच्या संस्थेने १९०४ मध्ये बुचाच्या जाकिटांऐवजी कापोकची जाकिटे घेतली होती. कापोकच्या या गुणामुळे कोणी पाण्यात पडला, तर हाताशी असलेली गादी उचलून त्याच्याकडे फेकता येई. अशी गादी बाकाला खिळ्याने जखडून चालणार नव्हते. कलत्या बोटीत ती घसरू नये, पण कोपरा धरून हिसका दिला की हातात यावी, अशी पकड टिचबटणानेच दिली.

१९५० च्या दशकात बोटींचे अंगच बदलले. सागाऐवजी फायबरग्लास आला. १९५९ च्या न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात कार्ल आल्बर्गने आखलेली, साडेअठ्ठावीस फुटांची पिअर्सन ट्रायटन लोकांपुढे आली आणि अशा बोटींचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला. सागात स्क्रू पिळला की लाकूड त्याला आवळून धरते. फायबरग्लासचा वरचा चकचकीत थर कडक आणि ठिसूळ असतो. त्यात स्क्रू घुसवला की ताऱ्यासारख्या चिरा उमटतात. डेकच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा हलके बाल्सा लाकूड असते. सैल स्क्रूच्या भोकातून पाणी तिथवर पोचले की ते आतल्या आत कुजते. एवढ्याशा बटणापायी डेक मऊ पडल्याची उदाहरणे बोटींच्या डागडुजीत नवी नाहीत.

म्हणून आज अशी बोट दुरुस्तीला घेतली की आपल्याला या दोन्ही वाटांचा हिशेब एकाच भोकाशी द्यावा लागतो. खुंट सैल झाला असेल, तर जाड स्क्रू पिळून वेळ मारून नेऊ नये. भोक थोडे मोठे करून, आतले ओले लाकूड खरवडून, पूर्ण वाळू द्यावे. मग इपॉक्सी भरावी आणि ती घट्ट झाल्यावर नव्याने बारीक भोक पाडावे. भोकाची वरची कड ड्रिलच्या रुंद टोकाने किंचित उतरती करावी, म्हणजे चिरा पडत नाहीत आणि सीलंट साचायला जागा मिळते. स्क्रू मॉलिब्डेनमयुक्त ३१६ जातीच्या स्टेनलेसचा घ्यावा. स्टेनलेसची कहाणी १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीपासून सुरू होते, ती वेगळी सांगावी लागेल. पितळी खुंटावरचा निकेलचा मुलामा भांड्याच्या कल्हईसारखाच असतो. तो झिजला की पितळ कळकते आणि गादीवर हिरवे डाग उमटतात. असा खुंट स्टेनलेसच्या स्क्रूने बसवताना मध्ये सीलंटचा थर किंवा प्लास्टिकची चकती हवीच. अलार्मच्या तपकिरी कागदाचेच काम ती करते.

गादीच्या बाजूची दुरुस्ती शिंप्याची. बटणाची टोपी थेट गादीच्या कापडात ठोकली तर प्रत्येक हिसक्याला कापड फाटते. म्हणून शिवणीत दुहेरी पट्टी धरून शिवावी आणि टोपी व खोबण त्या पट्टीत ठोकावी. पट्टी बाकाच्या उभ्या कडेवर यावी, म्हणजे उघड्या मांडीला खुंट टोचत नाही. कॅनव्हास काळाने आक्रसतो, तेव्हा खुंटाची जागा जुन्या मापावरून न घेता गादी अंथरून, पट्टी ताणून, तिथल्या तिथे खूण करून ठरवावी. मिठाने अडकलेले बटण वरून ओढू नये. पट्टीखाली चपटे हत्यार सरकवून खुंटापाशीच उचकटावे, गोड्या पाण्याने धुवावे आणि वाळल्यावर थोडे मेण लावावे.

जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचलेले वेल्क्रो इथे स्पर्धक म्हणून आले. १९५५ मध्ये त्याला पेटंट मिळाले, १९७८ मध्ये ते संपले आणि स्वस्त पट्ट्यांचा सुळसुळाट झाला. भोक पाडावे लागत नाही, हा वेल्क्रोचा मोठा फायदा. पण त्याच्या आकड्यांत वाळू आणि मीठ भरते, आणि मागचा गोंद उन्हात तापलेल्या डेकवर सुटत जातो. हल्ली चिकटवायचे खुंटही मिळतात, आणि वर ओढल्यावरच सुटणारी जर्मन बनावटीची बटणेही. चिकटवलेला खुंट निघाला तर सगळा नवा आणावा लागतो. स्क्रूचा खुंट मात्र कोणत्याही बंदरात एका पेचकसाने आणि थोड्या सीलंटने पुन्हा बसवता येतो, आणि लांबच्या सफरीला निघणारे म्हणूनच अजून तोच निवडतात.