यंत्राची किल्ली कुणाकडे?

ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात काही इमारती अशा दिसतात, की ज्यांना खिडक्या जवळपास नाहीतच. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जाणारा हा पट्टा. आता तिथे डेटा सेंटर उभी आहेत. आत रांगेने लोखंडी रॅक, त्यात सर्व्हर, स्टोरेज आणि त्यांना जोडणारे स्विच. तुमचा यूपीआयचा व्यवहार, तुमचे फोटो, तुमचं रेल्वेचं तिकीट अशाच कुठल्या तरी खोलीतून जात असतं.

ही यंत्रं चालवणाऱ्या माणसांना शिकवतं कोण? आणि ते शिक्षण शेवटी कुणाच्या मालकीचं असतं, शिकणाऱ्याच्या की यंत्र विकणाऱ्याच्या? हा प्रश्न आजचा वाटतो, पण मुंबई-पुण्यात तो साठ वर्षांहून जुना आहे.

बांधणाराच जाणकार

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतःचा संगणक बांधायला घेतला. १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. या मंडळींसाठी कुठला अभ्यासक्रम नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं. परदेशातले शोधनिबंध वाचायचे, सर्किट जोडायचं, चुकलं की पुन्हा जोडायचं. ज्याने यंत्र बांधलं त्यालाच ते दुरुस्त करता येई, त्यामुळे शिक्षण आणि मालकी वेगळी नव्हतीच.

पण १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेतून आयात केलेला सीडीसी ३६०० आला. तो टिफ्रॅकपेक्षा कितीतरी वेगवान होता. बाजारात तयार मिळणारं यंत्र वापरायचं, तर ते बांधणाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागणार, हा काळ तिथून सुरू झाला.

आयबीएम गेली, यंत्रं राहिली

साठ-सत्तरच्या दशकात भारतातल्या मोठ्या कचेऱ्यांमध्ये संगणक म्हणजे बहुधा आयबीएम. ही यंत्रं भाड्याने मिळत. त्यातली बरीचशी परदेशात वापरून झालेली, डागडुजी करून इथे बसवलेली. देखभाल करायला कंपनीचा माणूस येई, सुटे भाग कंपनीचे, माहितीपुस्तिका कंपनीच्या. गिऱ्हाइकाने भाडं भरायचं आणि झाकण उघडायचं नाही.

१९७३ च्या परकीय चलन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, परदेशी कंपन्यांना भारतातली आपली भागीदारी ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. जनता सरकारच्या काळात कोका-कोला गेली हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. १९७८ मध्ये आयबीएमही गेली. फरक एवढाच, की कोका-कोलाची जागा दुसरं सरबत घेऊ शकत होतं. आयबीएमची यंत्रं मात्र जागच्या जागी राहिली, आणि त्यांच्यावर पगारपत्रकं, हिशेब, जमाखर्च चालू होते.

ती सांभाळायची जबाबदारी सरकारच्या ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’वर, म्हणजे सीएमसीवर आली. तिची स्थापना १९७५ मध्ये झाली होती. नावातच ‘मेंटेनन्स’ असलेली ही कंपनी आपल्या संगणक-इतिहासात जरा दुर्लक्षितच राहिली. पण तिच्या इंजिनिअरांना जे करावं लागलं ते महत्त्वाचं आहे. आज एका कंपनीचं यंत्र, उद्या दुसऱ्या कंपनीचं. एकाच ब्रँडचं पाठांतर करून भागणार नव्हतं. मेमरी, डिस्क, टेप, वीज यांचं मूळ गणित समजून घ्यावं लागे, आणि ते समजलं की यंत्रावरचं नाव कुठलंही असलं तरी चाले.

पुण्यात पुढचं पाऊल पडलं. अमेरिका मोठे महासंगणक द्यायला खळखळ करत होती आणि दिले तरी अटी घालत होती. म्हणून १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक महागडा प्रोसेसर मिळत नाही, तर अनेक लहान प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचं, ही त्यामागची कल्पना. आजचं डेटा सेंटर याच तत्त्वावर उभं आहे. सी-डॅकने नव्वदच्या दशकात प्रशिक्षणाची स्वतंत्र शाखाही सुरू केली. ‘सी-डॅक केलंय’ हे वाक्य मराठी घरांत पदवीच्या बरोबरीने उच्चारलं जाऊ लागलं.

क्रमांक १०२५

त्याच सुमारास अमेरिकेत वेगळी पद्धत रुजत होती. कार्यालयांतले संगणक एकमेकांना जोडणारी नोव्हेल कंपनी आपल्या प्रणालीसाठी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देऊ लागली. नोकरीच्या जाहिरातींत त्याला मागणी आली, तसे घोकून पास होणारेही आले. प्रत्यक्ष नेटवर्क न हाताळलेल्या अशा प्रमाणपत्रधारकांना बाजारात ‘पेपर सीएनई’ म्हणत. आपल्याकडच्या गाइडछाप पदवीधरांचीच ही अमेरिकी आवृत्ती.

राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई ही परीक्षा काढली, तेव्हा घोकंपट्टीला वावच ठेवला नाही. लेखी परीक्षेनंतर दोन दिवसांची प्रयोगशाळा. पहिल्या टप्प्यात उमेदवाराने नेटवर्क उभं करायचं. मग तो जेवायला गेला, की परीक्षक त्यात मुद्दाम बिघाड करून ठेवत. परत येऊन ते बिघाड शोधायचे आणि ठरल्या वेळेत दुरुस्त करायचे. पास झालेल्याला क्रमांक मिळे. १०२४ हा क्रमांक प्रयोगशाळेलाच दिला गेला आणि माणसांची मोजणी १०२५ पासून सुरू झाली. २००१ मध्ये परीक्षा एका दिवसावर आली, पण आठ तासांचा घाम तसाच राहिला.

या पद्धतीने एक मोठं काम केलं. पूर्वी कंपनीच्या आतच राहणारं ज्ञान फी भरणाऱ्या कुणालाही मिळू लागलं. कॉलेज कुठलं, मार्क किती, हे न विचारता. १९९८ मध्ये सीसीएनए ही पहिल्या पायरीची परीक्षा आली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं होतं आणि नेटवर्क जाणणारी माणसं हवीच होती. शहरोशहरी क्लास निघाले. पण प्रमाणपत्राला मुदत होती. सीसीएनए तीन वर्षांनी संपतं, टिकवायचं तर त्याचं नूतनीकरण करावं लागतं. पदवी आयुष्यभर भिंतीवर राहते. हे मात्र भाड्याच्या घरासारखं, करार संपला की नवा करा.

तीन खात्यांची भिंत

डेटा सेंटरमध्ये २००० च्या दशकात तीन खाती तीन टोकांना बसत: नेटवर्क, स्टोरेज आणि सर्व्हर. त्यांचे केबल वेगळे, शब्द वेगळे, प्रमाणपत्रं वेगळी. याला तांत्रिक कारण होतं. साधं इथरनेट गर्दीच्या लोकलसारखं असतं. जागा नसेल तर काही पॅकेट फलाटावरच राहतात आणि मागून पुन्हा पाठवली जातात. स्टोरेजच्या फायबर चॅनलचा नियम आरक्षणाचा: समोरच्याने जागा आहे असं कळवल्याशिवाय निघायचंच नाही. डिस्कवर लिहिताना डेटा वाटेत गळून चालत नाही.

मग २००९ च्या आसपास या दोन्ही वाहतुकी एकाच केबलवरून नेण्याचं मानक ठरलं. त्याच वर्षी सिस्कोने सर्व्हरच्या धंद्यात उडी घेतली. त्यांच्या यूसीएस प्रणालीत सर्व्हरची ओळखच एका फाइलमध्ये ठेवता येई. एक सर्व्हर बंद पडला, तर तीच ओळख दुसऱ्याला द्यायची. २०१२ मध्ये डेटा सेंटरसाठी वेगळी प्रमाणपत्रं आली. ज्याने आयुष्यभर फक्त राउटर केले, त्याला आता डिस्क शिकायची होती. ज्याने फक्त डिस्क सांभाळली, त्याला राउटिंग. वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य अपुरं ठरण्याची भीती तेव्हा खरी होती.

आणि सराव कुठे करायचा? एक रॅक घरी आणणं मध्यमवर्गीय मुलाला अशक्य. इथे मदतीला आला क्रिस्तोफ फिलो हा फ्रेंच प्रोग्रामर. त्याने २००५ मध्ये ‘डायनामिप्स’ लिहिलं. साध्या पीसीवर सिस्कोचा राउटर चालल्याचा आभास ते निर्माण करत असे. पुढे त्यावर जीएनएस३ हे चित्रमय साधन आलं. कार्यक्रम फुकट होता. पण त्यात चालवायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं, आणि ते मिळवण्याची अधिकृत वाट विद्यार्थ्याला सोपी नव्हती. शिकायचं असेल तर कुंपणावरून उडी मारावी लागे, आणि कित्येकांनी ती मारली.

हात इथे, डोकं कुठे?

आज कुंपण आणखी मागे सरकलंय. २०१६ मध्ये ॲमेझॉनने क्लाउडचा मुंबई विभाग सुरू केला. आता सर्व्हर न बघताच सर्व्हर भाड्याने घेता येतो. सिस्कोनेही २०२० मध्ये परीक्षांची फेरमांडणी केली आणि प्रोग्रामिंगला मानाची जागा दिली. डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष उभा असणाऱ्या कामाला धंद्यात ‘रिमोट हँड्स’ म्हणतात. दूरवरचा इंजिनिअर सांगतो, इथला तंत्रज्ञ अमुक रॅकमधली तमुक केबल काढून दुसरीकडे लावतो. नावातच वाटणी झाली आहे: हात इथले, डोकं दुसरीकडचं.

भाड्याच्या आयबीएमचं झाकण उघडायला मनाई होती, त्याची आठवण इथे येते. तेव्हा यंत्र आपल्या खोलीत होतं आणि ज्ञान बाहेर. आज यंत्र रबाळ्यात आहे आणि ज्ञान पुन्हा बाहेरच जाऊ पाहतंय. तुम्ही या क्षेत्रात शिरणार असाल तर प्रमाणपत्र जरूर घ्या, त्याशिवाय मुलाखतीचा फोन येत नाही. पण त्याच अभ्यासात पॅकेट का गळतं, डिस्कवर लिहिलेलं कधी पक्कं होतं, वीज गेल्यावर काय होतं, हेही खोदून विचारा. सीएमसीच्या इंजिनिअरांना जगवलं ते याच प्रश्नांनी, आणि या प्रश्नांच्या उत्तरांना तीन वर्षांची मुदत नसते.