वाडा, भाडे आणि तारीख

पुण्यातल्या एका दाव्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली होती. 1205 साली गुदरलेल्या दाव्याचा निकाल 28 एप्रिल 1966 रोजी, म्हणजे 761 वर्षांनी, मूळ वादीच्या वंशजाच्या बाजूने लागला, अशी ती नोंद. वाद उत्सवातल्या मानापानाचा. देवगिरीच्या यादवांपासून प्रजासत्ताकापर्यंत एकच दावा चालत आला, हे इतिहासाच्या अभ्यासकाच्या गळी उतरणे कठीण. सामान्य पुणेकराला मात्र त्यात फारसे नवल वाटले नसावे. मालक-भाडेकरूंचे दावे तो डोळ्यांसमोर पाहत होता.

या दाव्यांचे मूळ युद्धकाळात आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या युद्धात ते पुन्हा आले, आणि 1947 च्या ‘बॉम्बे रेंट ॲक्ट’ने पक्के झाले. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे ठरले. हा कायदा तात्पुरता होता, 31 मार्च 1950 पर्यंतचा. मग मुदत वाढत गेली, आणि तात्पुरता कायदा अर्धशतक टिकला. तारखा फक्त न्यायालयातच पडतात असे नाही. विधिमंडळातही पडत होत्या.

भाडेकरू भाडे द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही, हे या कायद्याचे मर्म. त्यामुळे ‘तयारी’ सिद्ध करणारा कागद सोन्याच्या मोलाचा झाला. मालकाने भाडे घेणे थांबवायचे, भाडेकरूने मनीऑर्डर करायची, पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारायचा, आणि ते फॉर्म ट्रंकेत जपून ठेवायचे. पुढे साक्षीच्या वेळी त्यांवर निशाणी क्रमांक पडत. भाडे काही रुपयांचे, पण त्याचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्यांचा.

दावा लघुवाद न्यायालयात चाले. नाव लघुवाद, वाद मात्र लघु नव्हे. आधी महिन्याभराची नोटीस, मग दावा, समन्स, बेलिफाचा ‘घरी आढळून आले नाहीत’ हा अहवाल, कैफियत, मुद्दे, पुरावा. मालकाला जागा स्वतःसाठी हवी असेल तर ती गरज खरी व वाजवी आहे हे त्याने दाखवायचे. तेवढ्यानेही भागत नसे. कब्जा दिल्यास भाडेकरूला अधिक हालअपेष्टा होतील की न दिल्यास मालकाला, याचाही तोल न्यायाधीशाने पाहायचा. मालकाच्या मुलाच्या लग्नासाठी मागितलेली खोली निकालापर्यंत नातवाच्या वयाची होऊन बसे, आणि मग गरज बदलली म्हणून दुरुस्ती अर्ज. मधेच कोणी वारले तर 90 दिवसांत वारस दाखल करायचे. राहिले तर दावा ‘अबेट’. मालकाचे वारस चौघे, भाडेकरूचे सहा, त्यांतला एक परगावी: प्रत्येकाला नवे समन्स. कायद्यात जिल्हा न्यायालयातल्या अपिलापुढे दुसरे अपील नाही. तरी घटनेच्या 227 व्या कलमाखाली उच्च न्यायालय आणि 136 व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालय उरतेच. हुकूमनामा हाती आला की दरखास्त, आणि कब्जा वॉरंट घेऊन दारात गेले की आतून तिसराच कोणी हरकत घेतो.

यात खलनायक शोधू नये, असे मला वाटते. भाडेकरूला गावात दुसरी जागा परवडणारी नव्हती. मालकाला त्या भाड्यात कौलेही बदलता येत नव्हती. उशीर मात्र ज्याच्या हाती कब्जा त्याच्याच पथ्यावर पडला. त्या अवधीत वाडे खचले. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात गेले आणि प्रश्न उभा राहिला: घर गेले, भाडेकरूचा हक्क गेला का? याचे ठाम उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगलीकडच्या एका प्रकरणात दिले. इमारत पालिकेने पाडली तरी जमीन उरते, आणि केवळ तेवढ्याने भाडेकरार संपत नाही. पूर ते निकाल, अंतर 53 वर्षांचे.

दरम्यान 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे अवाजवी ठरवले होते. कायदा रद्द मात्र केला नाही; त्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणारच होती. ती पुन्हा वाढली! नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 रोजी लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के भाडेवाढ आली आणि थकबाकीच्या नोटिशीची मुदत 90 दिवस झाली.

‘लिव्ह अँड लायसन्स’चा धडा मालक आधीच शिकले होते. 1 फेब्रुवारी 1973 रोजी परवान्याने राहणाऱ्यांनाही कायद्याने भाडेकरू ठरवले, तेव्हा अनेकांनी रिकामी खोली कुलूपबंद ठेवणे पसंत केले. नव्या कायद्यात करार नोंदवणे बंधनकारक आहे, आणि त्याची जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागायची असते. समन्स बजावण्यासाठी, अर्थात, आजही कोणाला तरी दार उघडावे लागते.