शिंगांचे माप आणि दोन नोंदवह्या

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या ढाळजेत किंवा डाक बंगल्याच्या भिंतीवर काळविटाची पिळदार शिंगे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लाकडी ढालीवर बसवलेली, धुळीने करडी झालेली. ती कोणी आणि कुठल्या माळावर मिळवली, याची गोष्ट घरातले वडीलधारे रंगवून सांगतात. त्या गोष्टीत एक तपशील मात्र सहसा नसतो, तो म्हणजे शिंगांच्या मापाचा. एका काळी शिकाऱ्याचा मान गोळीपेक्षा फितीवर अधिक ठरत असे. बीडच्या माळावरून या मानाकडे पाहिले की त्याची दुसरी बाजूही दिसते.

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर रोलंड वॉर्ड या नावाच्या कारागिराची पेढी होती. मारलेली जनावरे पेंढा भरून, मढवून देणे हा तिचा धंदा. जगभरातून शिंगे आणि कातडी तिथे येत. १८९२ साली वॉर्डने या शिंगांच्या मापांचे एक पुस्तक काढले. पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि ‘रेकॉर्ड्स ऑफ बिग गेम’ या नावाने ते शिकाऱ्यांचे प्रमाणग्रंथ बनले. आपले जनावर ‘रोलंड वॉर्डमध्ये’ लागले, असे सांगण्यात साहेबाला आणि संस्थानिकालाही धन्यता वाटे. गंमत अशी की या मानामागे कोणतेही सरकार नव्हते. एका दुकानदाराची यादी केवळ शिस्तीच्या जोरावर अधिकृत ठरली होती.

शिस्त तशी खरीच होती. यादीत लांबी, बुडाचा घेर, दोन टोकांमधले अंतर, ठिकाण आणि शेवटी मालकाचे नाव असे रकाने असत. मापाचे नियम जनावराप्रमाणे बदलत. सांबर आणि चितळ ही खरी हरिणे. त्यांची शिंगे भरीव हाडाची असतात, त्यांना फांद्या फुटतात आणि ती गळून पुन्हा येतात. ती बाहेरच्या वळणावरून मोजायची आणि टोकेही मोजायची. काळवीट मात्र कुरंगवर्गातला. त्याचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले कायमचे पिळदार आवरण. पिळावरून फीत फिरवली तर एक आकडा येतो आणि बुडापासून टोकापर्यंत सरळ धरली तर दुसरा, लहान. माप कसे घेतले हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. वाघाच्या लांबीचेही तेच. जिम कॉर्बेटने पोवळगडच्या प्रसिद्ध वाघाची लांबी १० फूट ७ इंच दिली, तीही ‘वळणांवरून’ असे सांगूनच.

पुढे युरोपात आणि अमेरिकेत हे शास्त्र आणखी बारीक झाले. १९३० साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शिकार परिषदेने लांबी, घेर, टोके अशा घटकांना गुण देण्याची सूत्रे ठरवली आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी पदके आली. १८८७ साली थिओडोर रूझवेल्टने स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० साली स्वतःची गुणपद्धत आणली. डावे-उजवे शिंग सारखे नसेल तर तीत गुण वजा होतात. जनावर जितके म्हातारे आणि डौलदार, तितका शिकाऱ्याचा संयम मोठा, असा या सगळ्यामागचा युक्तिवाद होता.

आता बीडकडे येऊ. एका बाजूला पाटोदा, आष्टी, केज, अंबाजोगाईचा बालाघाटचा उंच माळ. दुसरीकडे गेवराई-माजलगावची गोदाकाठची काळी जमीन. उघडे गवताळ रान ही काळविटाची आवडती जागा. जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ही फौज १९०३ साली हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या अधिकाऱ्यांना कवायतीनंतरचा विरंगुळा म्हणजे शिकार. याच फौजेत नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन यांनी १९२८ साली दख्खनच्या शिकारीवर इंग्रजीत एक ग्रंथही लिहिला. तरीही मापाच्या स्पर्धेत हा प्रदेश मागेच राहायचा, कारण दख्खनच्या काळविटांची शिंगे राजपुताना-पंजाबकडल्या शिंगांपेक्षा साधारणतः आखूड असतात.

त्याच माळावर दुसरा शिकारी होता: फासेपारधी. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. ओळीने मांडलेले फासे, जनावराच्या वाटेची आणि वाऱ्याची जाण आणि तासन्‌तास दबा धरण्याची ताकद, ही त्याची हत्यारे. कुठला कळप कोणत्या वेळी कुठे चरतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. संयम हाच शिकाऱ्याचा गुण मानायचा, तर पदक प्रथम त्याला मिळायला हवे होते. पण तो शिंगांसाठी नव्हे, पोटासाठी शिकार करी. मोठ्या नराची निवड करण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती, आणि भिंत तर त्याला नव्हतीच.

नोंद त्याचीही झाली, पण वेगळ्या वहीत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि फासेपारधी त्या यादीत गेले. बीडची हद्द ओलांडून नगर जिल्ह्यात पाऊल टाकले की इंग्रजी मुलूख लागे. तिथे नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेत, त्याला हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. काळवीट एकच, माळ एकच. एका शिकाऱ्याच्या जनावराचे माप घेऊन त्याचे नाव मानाने छापले गेले. दुसऱ्याच्या बाबतीत माप जनावराचे नाही, माणसाचेच घेतले गेले.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही वह्या बंद झाल्या, निदान कागदावर. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत आला आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा ठरला. १९८० साली आष्टीच्या शेजारी, कर्जत तालुक्यात, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले. १९९४ साली पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आले. काळविटाच्या दृष्टीने हे भलेच झाले. पण या बदलाचा भार दोघांवर सारखा पडला नाही. साहेबाचा छंद गेला, पारध्याची उपजीविका गेली. आणि संशयाची नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही, हे बीडमधल्या कुठल्याही पारधी वस्तीवर आजही ऐकायला मिळते.

भिंतीवरच्या शिंगांना मात्र कायद्याने वाट ठेवली. ती जाहीर करायची, अधिकाऱ्याने हवे तर त्यांवर ओळखचिन्ह करायचे आणि मालकीचे प्रमाणपत्र घ्यायचे. ज्यांनी आधी जाहीर केली नव्हती, त्यांना २००३ च्या नियमांनी आणखी १८० दिवसांची सवलत दिली. विकायला बंदी, वारसाने मिळायला हरकत नाही.

वॉर्डच्या यादीतला शेवटचा रकाना आठवतो. तो ‘मालका’चा होता. रानात पुढे चालून ज्याने कळप दाखवला, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. म्हणून आता एखाद्या ढाळजेत तशी शिंगे दिसली, तर ती कोणाची हे विचारून थांबू नये. त्या माळावर वाट दाखवणारा कोण होता, हेही विचारावे. उत्तर बहुधा मिळणार नाही. तेच या मापांच्या इतिहासातले न मोजलेले अंतर आहे.